जागा भरलेल्या असतात

परदेशी शिकायला निघालेल्या मुलांना सगळे एकच सल्ला देतात: तिथल्या लोकांत मिसळा, एक तरी स्थानिक मित्र जोडा. सल्ला देणाऱ्याने त्या स्थानिकाचा विचार क्वचितच केलेला असतो. माझंच बघा. मी जन्मले बडोद्यात, वाढले बडोद्यात, शिकलेही इथल्याच एम. एस. युनिव्हर्सिटीत. बालवाडीपासूनच्या मैत्रिणी, दांडिया बाजारातली चुलत-मावस भावंडं, गल्लीतलं गणपती मंडळ, नवरात्रात गरब्याचा वेगळा ग्रुप. ह्यात नवीन माणूस बसवायचा कुठे? आम्ही शिष्ट नसतो हो, पण आमच्या जागा आधीच भरलेल्या असतात.

एम.एस्सी.ला माझ्या वर्गात टांझानियाहून भारत सरकारच्या शिष्यवृत्तीवर आलेली एक मुलगी होती. येता-जाता हसून हाय, हसून बाय. कँटीनमध्ये ती तिच्या घोळक्यात, मी माझ्या. तिकडे दार-एस-सलामला गुजराती दुकानदार पिढ्यान्‌पिढ्या आहेत, त्यामुळे चपाती, भजी तिच्या ओळखीची होती. बिचकली ती विश्वामित्रीतल्या मगरींना. भर शहरातून वाहणाऱ्या नदीत मगरी पहुडल्यात आणि पुलावरून लोक खुशाल ॲक्टिवावर ऑफिसला चाललेत, हे तिला काही केल्या पचेना. आफ्रिकेतल्या मुलीने बडोद्यात येऊन मगरींना घाबरावं, ह्यावर वर्ग महिनाभर हसत होता.

आमचं जुळलं ते प्रॅक्टिकलमध्ये. रोल नंबरने जोड्या लागल्या आणि ही माझ्या वाट्याला आली. बाई भलती काटेकोर. ब्यूरेटमधलं रीडिंग एका थेंबाने इकडेतिकडे झालं तरी सगळं ओतून पुन्हा पहिल्यापासून. एका दुपारी माझ्या पोटात कावळे ओरडत होते आणि हिचं 'आणखी एकदा' संपत नव्हतं. मी चिडले, तीही चिडली, काचेची भांडी कोणी विसळायची ह्यावरून चांगलीच जुंपली. तोवर आम्ही सगळे तिच्याशी फार गोड बोलत असू. पाहुण्यांशी बोलतो तसं. भांडण झालं आणि ते गोडबोलेपण एकदाचं सुटलं.

भांडी तशीच टाकून आम्ही बाहेर लारीवर खिचू खायला गेलो. तांदळाच्या पिठाची ती वाफाळती उकड, वर तेल आणि लोणच्याचा मसाला. तिने चमचा बाजूला ठेवला, तीन बोटांनी गोळा उचलून वळला, अंगठ्याने त्याला खळगा पाडला आणि त्या खळग्यात तेल-मसाला भरून तोंडात टाकला. त्यांच्याकडे मक्याच्या पिठाची उगाली असते, ती अशीच खातात म्हणे. लारीवाले काका ओरडले, "अरे बेन, गरम छे!" तिला डोळ्यांत पाणी येईस्तोवर चटका बसला होता, तरी तिने दुसरी प्लेट मागितली.

मग ती घरी येऊ लागली. सुरुवातीला आईने ठेवणीतले कप काढले, आग्रह करकरून वाढलं. जानेवारीत उत्तरायणासाठी उंधियूचा घाट घातला, तेव्हा पापडीचा ढीग तिच्यापुढे सरकवून आई म्हणाली, "एवढ्या निवडून टाक गं, आणि आळी आहे का ते उघडून बघ." चौदा जानेवारीला गच्चीवर तिच्या हातात फिरकी आली. हे आमच्याकडचं सगळ्यात धाकट्याचं काम. माझा भाऊ तिच्यावर दिवसभर "ढील दे, ढील!" म्हणून खेकसत होता.

बरेच दिवस ती आम्हाला गुजरातीच समजत होती. आई भाजीवाल्याशी गुजरातीत भांडते आणि आत येऊन आम्हाला मराठीत रागावते, हे तिच्या उशिरा लक्षात आलं. तेव्हा तिने सरळ विचारलं, "म्हणजे तुम्हीसुद्धा बाहेरचेच?" बाबांना ते असं लागलं, की त्यांनी थेट पिलाजीराव गायकवाडांपासून सुरुवात केली. अठरावं शतक संपेपर्यंत चहा गार झाला.

कमाटीबागेत एकदा मी तिला बाबासाहेबांची गोष्ट सांगितली. १९१३ साली सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकायला गेले. १९१७ मध्ये संस्थानच्या नोकरीसाठी ह्याच शहरात आले, तर अस्पृश्य म्हणून त्यांना राहायला खोली मिळेना. पारशी सराईतून लोकांनी काठ्या घेऊन बाहेर काढलं, तेव्हा मुंबईच्या गाडीची वाट बघत ते ह्या बागेत बसून राहिले. मी शिष्यवृत्तीचं कौतुक सांगायला निघाले होते. तिने मधेच विचारलं, "गावात त्यांचं ओळखीचं कोणीच नव्हतं?" होते की. दोन मित्र होते, एक हिंदू, एक ख्रिश्चन. त्या संध्याकाळी दोघांनीही घरात घेणं टाळलं. ती काही बोलली नाही. मलाही पुढे महाराजांचं गुणगान करवेना. स्वतःच्या गावाबद्दल बोलताना आपण किती निवडून बोलतो, हे परक्यासमोर फार चटकन उघडं पडतं.

आता ती फायनलला आहे. परवा ऐन रविवारी दुपारी, फोनबिन न करता, दार-एस-सलामहून नव्याने आलेल्या दोन मुलींना घेऊन दारात हजर. दोघी अवघडून चपला कुठे काढायच्या ते बघत होत्या. ही थेट स्वयंपाकघरात. आतून आईचा आवाज आला, "अगं, आधी सांगायचंस ना! दूध एवढंसंच आहे. जा, कोपऱ्यावरून दोन पिशव्या घेऊन ये."