इंजिन उतरवायचं नाही, असं मी काकांना सांगितलं

काकांच्या हातात दुसऱ्या गॅरेजचं एस्टिमेट होतं. इंजिन उतरवणं, बोअर, पिस्टन, रिंगा, हेडचं काम. खालचा आकडा बघून मलाच धस्स झालं. तक्रार मात्र एकच होती. गाडी पूर्वी लिटरला दहाच्या वर ॲव्हरेज द्यायची, ती आता साडेसातवर आली होती.

गाडी 2004 ची टेंपो ट्रॅव्हलर. नावपट्टीवर अजून बजाज टेंपोच आहे, कारण कंपनीचं नाव फोर्स मोटर्स झालं ते 2005 मध्ये. इंजिन मर्सिडीजच्या ओएम 616 घराण्यातलं, 2.4 लिटरचं, मेकॅनिकल पंपाचं. सेन्सर नाहीत, ईसीएम म्हणजे इंजिन चालवणारा कॉम्प्युटर नाही. काका-काकूंनी रिटायर झाल्यावर आतल्या सीटा काढून कॅम्पर करून घेतली: दोन बर्थ, ओटा, पाण्याची टाकी, टपावर सोलर पॅनल आणि सामानाचा कॅरिअर. आरटीओत बदलाची नोंदही रीतसर केलेली. अशी गाडी भांडुपला माझ्या गॅरेजात आली की मला मनापासून आनंद होतो. म्हणूनच ते एस्टिमेट बघून जीव कळवळला.

जुनी डिझेल गाडी जास्त प्यायला लागली की इंजिन संपलं, हा निकाल आपल्याकडे फार लवकर दिला जातो. इंजिन खरंच बसलं असेल तर ते लपून राहत नाही. मी गाडी चालू ठेवून ऑइल भरायचं झाकण सोडवलं आणि त्याच तोंडावर उलटं ठेवलं. ते किंचित थरथरलं, पण उडालं नाही. म्हणजे बॅक कॉम्प्रेशन नाही, पिस्टनच्या कडेने वायू खाली ऑइलकडे निसटत नाही. निळा धूर नाही, ऑइल कमी होत नाही, सकाळी सेल्फ एका दमात घेते. मी म्हटलं, "काका, इंजिन उतरवायचं नाही. आधी मोजू या."

दुसऱ्या दिवशी पहाटे ठरलेल्या पंपावर टाकी फुल केली. पहिल्या ऑटोकटला थांबायचं, वर ओतायचं नाही आणि परत आल्यावर त्याच पंपावर, त्याच मशीनवर भरायचं. नाहीतर हिशेबाला अर्थ राहत नाही. माजिवड्याची गर्दी व्हायच्या आत ठाणं ओलांडून नाशिक हायवेला लागलो. हा रस्ता मी मुद्दाम घेतो. शहापूरपर्यंत फारसा चढ लागत नाही आणि पुढे कसारा घाटाची खडी चढण आहे. गाडी दोन्हीकडे कशी वागते ते एकाच फेरीत दिसतं.

पहिली गोष्ट मोबाईलच्या जीपीएसने दाखवली. 100 किलोमीटर अंतर झालं की गाडीचं मीटर 96 च दाखवत होतं. मागे टायर बदलताना 215/75 आर 15 च्या जागी कुणीतरी 235/75 बसवले होते. मोठं चाक एका फेऱ्यात जास्त जमीन कापतं, मीटर मात्र जुन्याच मापाने मोजत राहतं. म्हणजे साडेसातचं ॲव्हरेज खरं तर 7.8 होतं. फरक थोडा असला तरी तो गाडीचा दोष नव्हता, हिशेबाचा होता.

दुसरी गोष्ट टेंपरेचरचा काटा. सपाटीवर तो तळाला लोळत होता. काका कौतुकाने म्हणाले, "बघ, आमची गाडी कधी गरम होतच नाही." पण कसारा घाट चढताना हाच काटा निम्म्याच्या वर गेला आणि वर सपाटी लागताच पुन्हा खाली आला. चांगल्या इंजिनाचा काटा असा नाचत नाही. तो एका जागी येऊन बसला पाहिजे.

घाट संपल्यावर इगतपुरीच्या अलीकडे बाजूला थांबलो. टेंपरेचर गन घेऊन खाली उतरलो आणि एकेक चाक बघितलं. मागचा उजवा ब्रेक ड्रम पन्नाशीच्या घरात. मागचा डावा एकशेवीसच्या वर, आणि लायनरचा करपलेला वास. चढणीला ब्रेक लावावाच लागत नाही. तरीही हा ड्रम इतका तापला होता, म्हणजे ब्रेक आपला आपणच लागलेला होता आणि इंजिन भांडुपपासून त्याला ओढत आलं होतं.

गॅरेजात येऊन मागची बाजू जॅकवर घेतली. उजवं चाक हाताने फिरवलं तर फिरत राहिलं, डावं अर्ध्या फेऱ्यात थांबलं. हँडब्रेकची केबल आवरणाच्या आत गंजून अडकली होती. पावसाळाभर गाडी सोसायटीत हँडब्रेक ओढून उभी असायची. मुंबईच्या दमट हवेत केबल आखडते आणि लिव्हर खाली केला तरी ब्रेकचे शू पूर्ण मागे सरकत नाहीत. म्हणून गाडी महिनाभर उभी करायची असेल तर ती गिअरमध्ये ठेवा, चाकाला लाकडी ठोकळा लावा आणि हँडब्रेक सोडून द्या.

मग थर्मोस्टॅटचं हाऊसिंग उघडलं. थर्मोस्टॅट म्हणजे इंजिन गरम होईपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप. आत थर्मोस्टॅट नव्हता. रिकामी जागा, कडेला जुन्या गॅस्केटचा तुकडा आणि गंजाचं तांबूस पाणी. कधीतरी गाडी गरम झाली असेल आणि कुणीतरी तो काढून फेकला असेल. "आपल्या हवेत लागत नाही" असं म्हणून असे किती थर्मोस्टॅट भंगारात जातात! माझा याला ठाम विरोध आहे. डिझेल इंजिनाला ठरलेली गरमी लागतेच. ती मिळाली नाही तर ऑइल जाड राहतं, जळण अर्धवट होतं, तयार झालेली उष्णता कामी न येता पाण्यात जाते आणि न जळलेलं डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून ऑइलमध्ये उतरतं. शिवाय ज्या इंजिनात बायपासची वाट असते, तिथे थर्मोस्टॅटच ती वाट बंद करतो. तो नसेल तर घाटात नेमकं हवं तेव्हा बरंचसं पाणी रेडिएटरकडे न जाता परत इंजिनात फिरतं. सपाटीवर थंड आणि घाटात गरम, हे त्यामुळेच.

कुर्ल्याहून नवा थर्मोस्टॅट मागवला. त्यावर 80 आकडा कोरलेला होता. नवा असला तरी मी तपासल्याशिवाय बसवत नाही. शेगडीवर पातेल्यात पाणी ठेवलं, त्याच्या झडपेत दोरा अडकवला आणि पातेल्याच्या तळाला टेकणार नाही असा लटकवला. बाजूला थर्मामीटर. काका-काकू दोघंही वाकून बघत होते. सत्तर झाले, पंचाहत्तर झाले, काही नाही. ऐंशी ओलांडल्यावर तबकडी केसभर उचलली, दोरा सुटला आणि थर्मोस्टॅट टपकन तळाशी गेला. आतल्या डबीत मेण असतं. ते वितळून फुगतं आणि दांड्याला ढकलतं. एवढ्या साध्या कारागिरीवर सगळं इंजिन चालतं, हे काकूंना फार आवडलं. "पुन्हा करून दाखव," म्हणाल्या. मी दाखवलं.

बाकीची कामं पटापट झाली. हँडब्रेकचं काम केलं. एअर फिल्टर बदलला. साधं पाणी काढून सिस्टिम फ्लश केली आणि कूलंट भरलं. डिझेल उतरलेलं ऑइल बदललं. टायरमधली हवा कंपनीच्या पाटीवरच्या आकड्यापेक्षा बरीच कमी होती, ती थंड टायरवर बरोबर केली. अलाइनमेंट केलं. डिझेलच्या पाइपवर ॲव्हरेज वाढवणारं म्हणून कुणीतरी विकलेलं लोहचुंबक होतं, ते काढून काकांच्या हातात दिलं. चुंबकाने डिझेलचं काहीही होत नाही. रिटायर माणसाचे पैसे असे घेतलेले बघून मला संताप येतो.

राहिलं वजन आणि वेग. पाण्याची टाकी 150 लिटरची. म्हणजे भरली की 150 किलो मुंबईतून कोकणात वाहून न्यायचे. काकू म्हणाल्या, "पण बाहेरचं पाणी कसं प्यायचं रे?" मी म्हटलं, "काकू, प्यायला घरचे दोन कॅन घ्या, धुण्याभांड्यांचं मुक्कामाजवळ भरा." ओटा ग्रॅनाइटचा, सहज तीस-पस्तीस किलोचा. त्यावरून मात्र मी काही बोललो नाही. तो त्यांनी हौसेने बसवलाय, आणि वजनाचा भार घाटात आणि सिग्नलच्या गर्दीत जितका जाणवतो तितका सरळ हायवेवर जाणवत नाही.

हायवेवर खरा शत्रू वारा. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. ताशी 60 वरून 80 वर गेलात तर तो पावणेदोन पटीहून जास्त होतो. त्यात ट्रॅव्हलरचं सपाट तोंड आणि टपावरचा कॅरिअर. मागून ट्रक येतो म्हणून काका 85 ने पळवायचे. त्यांना सांगितलं, डावी लेन धरा, 65 वर राहा, ट्रक जातील पुढे.

त्याच रस्त्याने पुन्हा फेरी मारली. काटा मधोमध येऊन बसला आणि घाटातही जेमतेम हलला. दोन्ही ड्रम सारखेच कोमट. हिशेब निघाला 9.7. सगळा खर्च त्या एस्टिमेटमधल्या पिस्टनसेटच्या किमतीतही मावला.

काका त्याच आठवड्यात दिवेआगरला गेले. तिथून फोनवर म्हणाले की आता सकाळी हीटर लावला तर खरंच गरम हवा येते. परतल्यावर डिझेल फवारणारे नोझल उतरवून टेस्टरवर लावायचे आहेत, कारण पूर्ण पिकअपला धुराची काळसर झाक अजून दिसते. कॅरिअर काढायचा की ठेवायचा, हे त्यांनी घरी बोलून ठरवायचं आहे. मी काढा म्हणूनच सांगितलंय.