अर्ज: पंचकर्म थेरपिस्ट (स्त्री)

पुण्यातल्या एका आयुर्वेद रुग्णालयात थेरपिस्टची जागा निघाली आहे. आज दुपारी लेक शाळेत गेल्यावर अर्ज लिहायला घेतला. नाव, पत्ता, शिक्षण भराभर झालं. 'अनुभव'पाशी पेन थांबलं.

कोर्सनंतरचं काम लिहायला सोपं: अभ्यंग म्हणजे सर्वांगाला तेलाचं मालिश, नाडीस्वेद म्हणजे नळीने वाफेचा शेक, पत्रपोटली म्हणजे औषधी पाल्याच्या पुरचुंडीचा शेक, शिरोधारा म्हणजे कपाळावर तेलाची धार, आणि कटिबस्ती म्हणजे कमरेवर पाळ करून त्यात कोमट तेल धरून ठेवणं. कटिबस्तीची उडदाच्या पिठाची पाळ मी अशी बसवते की रुग्णाला खोकला आला तरी तेल गळत नाही. अडलं ते त्याआधीच्या वर्षांपाशी. आई गावात बाळंतिणींना आणि बाळांना तेल लावायला जायची, मी तिच्या हाताखाली शिकले. तेलाची वाटी गरम पाण्यात ठेवायची, मनगटावर थेंब घेऊन बघायचं, मगच पाठीला हात लावायचा. दुखऱ्या जागेवर हात गेला की बाई बोलायच्या आधी तिचा श्वास अडतो, हे आईनेच मला दाखवलं. या शिक्षणाचं सर्टिफिकेट कोण देणार? मैत्रीण म्हणाली, ते लिहू नकोस, घरगुती वाटेल. मी लिहिलं, तेही सगळ्यात वर.

जास्त वेळ गेला तो एका परिच्छेदावर: कोणत्या वेळी मी मसाज करत नाही. ताप असेल, अजीर्ण असेल, जखम ओली असेल तर नाही. सिझेरियन झालेल्या बाईच्या पोटाला डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय हात लावत नाही. आणि एकाच पायाची पोटरी सुजलेली, गरम, दुखरी असेल तर त्या पायाला तेलाचा नुसता हातही नाही. शिरेत रक्ताची गुठळी असू शकते आणि चोळल्यावर ती सुटून फुप्फुसात जाऊ शकते. बाळंतपणानंतरच्या पहिल्या ६ आठवड्यांत हा धोका जास्त असतो, आणि आपल्याकडे मालिश चालते ती नेमकी त्याच दिवसांत. एका बाळंतिणीची अशी पोटरी पाहून मी वाटी बाजूला ठेवली आणि आधी दवाखाना गाठा म्हणाले. सासूबाई रागावल्या, सव्वा महिना नेमाने तेल लागलंच पाहिजे म्हणाल्या. सोनोग्राफीत गुठळी निघाली. कोणाचंही नाव न घेता हे अर्जात घातलं आहे. माझ्या कामाबद्दल सांगण्यासारखं याहून मोठं माझ्याकडे काही नाही.

पादाभ्यंगाबद्दलही, म्हणजे पायांच्या मालिशबद्दल, दोन ओळी लिहिल्या. आधीच्या सेंटरमध्ये तूप लावून काशाच्या वाटीने तळपाय घासले की आम्ही सांगायचं, पाय काळे पडले म्हणजे अंगातली उष्णता आणि विष बाहेर आलं. त्यावर पुढचं पॅकेज विकायचं. काशात साधारण ७८ टक्के तांबं आणि २२ टक्के कथील असतं. तूप, घाम आणि घासलेला धातू मिळून ती काजळी येते. पाय हलके होतात, शांत झोप लागते, एवढं खरं सांगितलं तरी बायका पुन्हा येतात. म्हणून सरळ लिहिलं: माझ्याकडून रुग्णाला खोटं सांगायला लावू नये.

अपेक्षित पगाराच्या जागी 'आपल्या नियमानुसार' लिहायची पद्धत आहे. मी आकडा लिहिला. त्याखाली अट: दिवसाला ५ पेक्षा जास्त पूर्ण अभ्यंग करणार नाही. अंगठ्याचं मूळ कायमचं दुखायला लागलं म्हणून काम सोडून घरी बसलेल्या बायका मी पाहिल्या आहेत. चांगले हात वाया जातात आणि शेवटच्या रुग्णाला तर थकलेलाच हात मिळतो.

अर्ज उद्या पाठवेन. मुलाखतीला बोलावलं तर एक गोष्ट मीच विचारणार आहे. द्रोणीच्या, म्हणजे मालिशच्या लाकडी टेबलाच्या, दोन्ही बाजूंना दोघी उभ्या राहून एका लयीत हात चालवणार असतील तर माझ्या जोडीला कोण असेल, आणि तिला माझ्याबरोबर सरावाला वेळ मिळेल का?