कधीपासून बिघडली?

‘डॉक्टर हू’ ही बीबीसीची विज्ञानकथा मालिका बिघडली, याबद्दल माझ्यात आणि माझ्या मित्रात दुमत नाही. भांडण आहे ते कधीपासून बिघडली यावर. मित्राची तारीख ठरलेली आहे: १ जानेवारी २०१०. डेव्हिड टेनंटने नायकाची, म्हणजे डॉक्टरची, भूमिका सोडली, त्याच्या लेखी मालिका संपली. मी म्हणतो, नंतरचा एक डॉक्टर पीटर कपाल्डी होता तोवर, म्हणजे २०१७ पर्यंत, सगळं ठणठणीत होतं. या सात वर्षांवरून आम्ही इतके तास वाद घातलाय, की तेवढ्यात १९६३ पासूनचे सगळे भाग बघून झाले असते.

म्हणजे, आहेत तेवढे. साठच्या दशकातल्या कितीतरी टेपा बीबीसीने पुसून टाकल्या. पण त्या गहाळ भागांचं एक बरं असतं, ते कधी बिघडत नाहीत. ‘द टूम ऑफ द सायबरमेन’ ही १९६७ ची कथा अशीच हरवलेली, आणि म्हणून थोर. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला ती हाँगकाँगहून परत मिळाली आणि काही जुन्या चाहत्यांचे चेहरे उतरले. आठवणीत होती तेवढी भारी निघाली नाही.

ही कुरकुर आजची नाहीच. १९७६ साली ‘द डेडली असासिन’ आली तेव्हा चाहत्यांच्या मंडळाच्या अध्यक्षानेच तिच्यावर तोंडसुख घेतलं होतं. मालिकेतली जादू कुठे गेली, असा त्याचा सवाल. आज तीच कथा जुन्या सोन्यात मोजतात.

माझी आवडती गोष्ट मात्र १९८६ ची. बीबीसीच्याच ‘ओपन एअर’ कार्यक्रमात सोळा वर्षांचा एक चाहता मालिकेच्या लेखक दांपत्याला समोरासमोर सुनावत होता. पोरगा अगदी गंभीर. नाव ख्रिस चिबनल. २०१८ ते २०२२ मालिकेचा कारभार त्याच्याच हाती होता, आणि २०२० मध्ये त्याने डॉक्टरचा जन्मेतिहासच बदलल्यावर चाहत्यांनी त्यालाही सोडलं नाही. थोडक्यात, माझ्या हिशेबाने मालिका बिघडली ती एका कट्टर चाहत्याच्या हातून. हे मी मित्रासमोर बोलायला नको होतं. “मग तुझ्या हाती दिली असती तर काय दिवे लावले असतेस?” तो म्हणाला.

शेवटी चिडून मी त्याला २०१५ चा ‘हेवन सेंट’ लावून दिला. त्याने तो पूर्वी पाहिला होता, अर्थात. ज्या मालिकेला तो २०१० मध्ये मूठमाती देऊन आलाय, तिचा एकही भाग त्याने चुकवलेला नाही. या वेळी तो पाठकोरा कागद आणि पेन घेऊन बसला, चुका टिपायला. कागदावर आधीच एक ते दहा आकडे घालून ठेवले होते. पहिल्या काही मिनिटांत दोन चुका लिहिल्यासुद्धा.

पडद्यावर जवळजवळ एकटा कपाल्डी. हिऱ्याहून कठीण भिंतीवर ठोसे मारतो, मरतो, पुन्हा पहिल्यापासून सुरू करतो, अब्जावधी वर्षं. ठोसे मोजत संगीत चढत गेलं तेव्हा मी हळूच शेजारी पाहिलं. पेनचं टोपण लागलेलं होतं.

भाग संपल्यावर त्याने कागदाची घडी घालून खिशात टाकली. तीनपासून दहापर्यंतचे आकडे कोरेच होते.

“हा अपवाद आहे,” तो म्हणाला. “पुढचा लाव, दाखवतो तुला.”