होळीच्या रात्रीचा फिल्टर

त्या दिवशी सर स्वतःहून चहा पाजणार होते, म्हणजे बघा. हवेतल्या कणांमुळे पाण्याचा पृष्ठताण, म्हणजे पृष्ठभागाचा ताण, किती घटतो, याचे तीन आठवडे थेंब टांगून मी आकडे जमवले होते आणि ते आम्हाला हवे तसेच आले होते.

आमच्या गच्चीवरचा सॅम्पलर (हवेतले कण पकडणारं यंत्र) २४ तासांत साधारण १६०० घनमीटर हवा क्वार्ट्झच्या फिल्टरमधून ओढतो. फिल्टर आधी भट्टीत भाजावा लागतो, नाहीतर त्याला चिकटलेली सेंद्रिय घाणच मोजत बसाल. मग त्याचा तुकडा पाण्यात हलवायचा, पाणी गाळायचं आणि त्याचा थेंब सुईच्या टोकाला लोंबता ठेवून कॅमेऱ्याने आकार टिपायचा. पृष्ठताण घटला की थेंब ओघळून लांबोळका होतो. शुद्ध पाण्याचा आकडा २५ अंशांना ७२ मिलिन्यूटन प्रति मीटर.

या कणांत सेंद्रिय आम्लं असतात, पण सगळी हा आकडा पाडत नाहीत. ऑक्झॅलिक आम्ल कणांत भरपूर सापडतं, पण ते गपगुमान विरघळतं. लांब शेपटीची, म्हणजे कार्बनच्या लांब साखळीची, आम्लं मात्र मिसळीच्या तर्रीसारखी वर येऊन बसतात. पृष्ठताण उतरला की कणावर पाणी धरणं आणि पुढे ढगाचा थेंब होणं सोपं जातं, म्हणून ही सगळी खटपट.

माझे नमुने ६० ते ६२ दाखवत होते. होळीच्या रात्रीचा, लाकडं-गोवऱ्यांच्या धुराने काळाठिक्कर पडलेला, थेट ५४. सरांनी पेपरचं शीर्षकसुद्धा ठरवून टाकलं.

लॅबमधले मामा बाटल्या विसळत होते. म्हणाले, "मॅडम, ही सिरिंज फारच गुळगुळीत चालते. काचेची जरा अडायची."

काचेची मागेच फुटली होती. नवीनची फाइल खरेदी विभागात, आणि तिथे फाइल पुढे सरकायला पृष्ठताण नव्हे, ओळख लागते. तोवर स्टोअरने इंजेक्शनच्या प्लॅस्टिकच्या सिरिंजा दिल्या. त्यांचा दट्ट्या सुळकन जावा म्हणून आत सिलिकॉन तेलाचा हात फिरवलेला असतो. हे मला माहीत होतं. नुसत्या पाण्याची चाचणी मात्र मी काचेची फुटायच्या आधीच, तिच्यातूनच उरकली होती.

तेच शुद्ध पाणी प्लॅस्टिकच्या सिरिंजमध्ये घेतलं. थेंब टांगला. ७२, ६९, ६६... मिनिटभरात ६२. माझ्या डोळ्यांदेखत तो ओघळत गेला.

शेवटी दुसऱ्या विभागातून काचेची सिरिंज उसनी आणून, ज्यांचे फिल्टर उरले होते ते सगळे नमुने पुन्हा केले. ते ७० ते ७१ वर गेले. चहा राहिला. सर चिडले नाहीत, पण "आधी सांगायला हवं होतं" असं म्हणाले. कोणी, ते नाही म्हणाले.

तसंही २ मिलिमीटरचा थेंब बघून २०० नॅनोमीटरच्या थेंबाबद्दल बोलायचं म्हणजे धाडसच. व्यास दहा हजार पटीने लहान झाला की आकारमानाच्या मानाने पृष्ठभाग तितक्याच पटीने वाढतो. आतली आम्लं सगळी वर आली तरी तो झाकायला पुरतीलच असं नाही.

पण ते ५४ डोक्यातून जात नाही. तेलाने सगळ्यांना ६० पर्यंत ओढलं असेल, तर उरलेले सहा कोणाचे? धुराचे असू शकतात. त्या सिरिंजला तेल जास्त लागलं असेल, हेही शक्य आहे. होळीच्या फिल्टरचे तुकडे कार्बन, आयन अशा बाकीच्या चाचण्या करत केव्हाच संपले. तो गुंडाळून ठेवलेली फॉइल उघडून पाहिली. कडेची पांढरी पट्टी तेवढी आहे, जिथे चौकट दाबून बसते आणि हवा जातच नाही.