चिखलात कुत्रा फिरवायला बूट घेताय? आधी तळ बघा

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. पावसाचे दिवस सुरू झाले की घरी कुत्रा असलेलं कुणी ना कुणी मला हमखास विचारतं, "चिखलात फिरायला वॉटरप्रूफ बूट कुठले घेऊ?" एखाद्या कंपनीचं नाव सांगून मोकळं होता येईल, पण त्याने तुमचं काम होणार नाही. एकट्याने फिरताना जे बूट उत्तम वाटतात, तेच कुत्रा सोबत असताना दगा देऊ शकतात. म्हणून मी प्रत्येकाला एकच सांगते: वॉटरप्रूफचं नंतर बघू, आधी बूट उलटा करा.

चिखलातून एकटे चालताना आपण बघून बघून पाय टाकतो. कुत्रा बरोबर असला की पाऊल कुठे आणि कधी पडणार हे निम्मं त्याच्या मर्जीवर. दुसरा कुत्रा भुंकला, कुठून तरी वास आला, की पट्ट्याला हिसका बसतो, आणि तोही नेमका आपला एक पाय हवेत असताना. माझी कुत्री तशी शांत स्वभावाची, पण तीस किलोच्या आसपासची आहे. खार दिसली की तिचा सगळा जोर एकदम माझ्या खांद्यावर येतो. त्या क्षणी मोजे कोरडे आहेत की ओले याने काही फरक पडत नाही, जमिनीवरचा पाय जागचा हलता कामा नये. ओले पाय घरी येऊन पुसता येतात. मनगट मोडलं तर कित्येक आठवडे प्लास्टर, आणि तेवढे दिवस कुत्र्याला बाहेर नेणार कोण?

तळाला खाचा निदान चार-पाच मिलिमीटर खोल हव्यात, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे उंचवटे एकमेकांपासून सुटे हवेत. ते दाटीवाटीने असले की चिकणमाती मध्ये अडकते आणि निघत नाही. थोडं चाललं की तळ गुळगुळीत होतो, मग खाचा कितीही खोल असोत, उपयोग शून्य. दुकानात मी खाचेत करंगळीचं टोक घालून बघते. सहज शिरलं तर माती आपोआप झडायला जागा आहे. मग बूट आडवा धरून टाच बघते. टाचेच्या पुढच्या बाजूला पायरीसारखी स्पष्ट कड हवी. निसरड्या उतारावर कुत्रा पुढे ओढत असताना हीच कड मातीत रुतून तुम्हाला थोपवते. चालण्याच्या बऱ्याच बुटांचा तळ टाचेपासून चवड्यापर्यंत सलग असतो. कोरड्या वाटेवर तो छान चालतो, पण चिखलाच्या उतारावर मला त्याचा भरवसा वाटत नाही.

आता गमबूट की नाडीचे बूट? घोट्याच्या वर पाणी किंवा राडा असेल तर गमबुटाला पर्याय नाही. रबर उन्हात चिकट आणि थंडीत ठिसूळ होऊ नये यासाठी ते गंधकाबरोबर तापवायची युक्ती चार्ल्स गुडइयरला 1839 मध्ये सापडली, आणि तेव्हापासून रबरी बूट खऱ्या अर्थाने वापरण्याजोगे झाले. आज स्वस्तातले गमबूट बहुधा पीव्हीसी या प्लास्टिकचे असतात. ते थंडीत कडक होतात. नैसर्गिक रबर पायाबरोबर वाकतं, म्हणून रोज लांब फिरणाऱ्याने त्यावर थोडे जास्त पैसे घालावेत. त्यावर कधीकधी पांढुरकी भुकटी येते. रबरातलेच घटक वर आलेले असतात, बूट खराब झालेला नसतो.

गमबुटाची खरी अडचण मात्र मापाची. त्याला नाडी नाही, त्यामुळे तो सैल असला की दाट चिखल त्याला खालून धरून ठेवतो. पाय वर येतो, बूट तिथेच राहतो, आणि नेमका तेव्हाच कुत्रा ओढत असतो. म्हणून संध्याकाळी, पाय थोडे सुजलेले असताना, फिरायला घालता तेच जाड मोजे घालून माप बघा. चालताना टाच आत किंचित उचलली गेली तर चालेल, पण अंगठा पुढे आपटता कामा नये. पोटरीपाशी बूट फार मोठा असेल तर पाऊस वरून आत उतरतो, तेही तपासा.

चढ-उताराची लांब वाट असेल तर मी नाडीचे, घोटा झाकणारे बूट घेते. अशा बुटांवर "वॉटरप्रूफ" लिहिलेलं असतं, पण पाणी कुठपर्यंत अडणार ते जीभ, म्हणजे नाड्यांखालची पट्टी, ठरवते. नाड्या पूर्ण सोडा, जीभ पुढे ओढा आणि ती दोन्ही बाजूंनी बुटाला कुठपर्यंत शिवली आहे ते बोट फिरवून बघा. शिवण जिथे संपते तिथेच तुमचा वॉटरप्रूफपणा संपतो. त्याच्या वर पाणी गेलं की ते थेट आत.

या बुटांच्या आत पातळ पडदा असतो. बॉब गोर यांनी 1969 मध्ये पीटीएफई नावाचं प्लास्टिक झटक्यात ताणून पाहिलं आणि त्यातून असा पडदा करण्याची वाट सापडली. त्याच्या छिद्रांतून पाण्याचा थेंब आत येत नाही, घामाची वाफ मात्र बाहेर जाते. पण चामडं चिंब भिजलं किंवा त्यावर चिखलाचा थर बसला की वाफेची वाट बंद होते. घाम आतच साचतो, मोजे दमट होतात आणि लोकांना वाटतं बूट गळतोय. अनेकदा गळत नसतो, धुवायचा राहिलेला असतो. चिखल धुऊन टाका आणि पाणी वरून घरंगळेनासं झालं की पाणीरोधक स्प्रे मारा. मोजे सुतीपेक्षा लोकरीचे घ्या.

आणखी एका कारणासाठी मी बुटांवर भर देते. साचलेल्या पाण्यात आणि चिखलात जनावरांच्या लघवीतून आलेले लेप्टोस्पायरोसिस या आजाराचे जंतू असू शकतात. ते पायावरच्या जखमेतून, साध्या खरचटलेल्या जागेतूनसुद्धा शरीरात शिरतात. हा आजार माणसाला होतो तसा कुत्र्यालाही होतो. तुमच्यासाठी बूट आहेत. कुत्र्यासाठी लस असते, ती दिलेली आहे ना हे पशुवैद्यांकडून खात्री करून घ्या. घरी आल्यावर त्याचे पंजे बोटांच्या मधूनही धुऊन पुसा.

बूट हीटरसमोर ठेवू नका, चिकटवलेले सांधे सुटतात. आतला सोल काढा, वर्तमानपत्राचे बोळे कोंबा आणि ते भिजले की बदला. आणि सेल लागला म्हणून जादा जोड घेऊन माळ्यावर टाकू नका. ज्या बुटांच्या तळात पॉलियुरेथेन या प्लास्टिकचा थर असतो, तो थर हवेतल्या दमटपणाने आतून सडत जातो. काही वर्षांनी असा न वापरलेला, नवाकोरा दिसणारा बूट पहिल्याच फेरीत तुकडे होऊन गळून पडू शकतो. एकच जोड घ्या आणि तळाच्या खाचा झिजल्या की वरचं चामडं कितीही चांगलं असलं तरी त्या बुटांनी कुत्रा फिरवू नका.