तुरीच्या नावाचं गाव: आमिस लोकांच्या इलिसिनला जाताना

नवऱ्याच्या वाडग्यात डुकराच्या बरगड्यांचा पातळ रस्सा होता आणि तळाशी काहीतरी ओळखीचं दिसत होतं. मी शाकाहारी, म्हणून मला तेच नुसतं उकडून, मीठ घालून आलं. एक दाणा बोटांत दाबला. तूर! आपली तूर, न भरडलेली, सालासकट. घरमालकीणबाईंनी फोनवर भाषांतर करून दाखवलं: "हे आमच्या गावाचं नाव." गाव तैवानमधलं फाताआन, आणि तिथल्या आमिस भाषेत ते नाव या तुरीवरूनच पडलेलं. पुण्याहून इतक्या लांब येऊन पहिल्या जेवणात तूर पुढ्यात यावी, याचं हसू आलं.

2024च्या ऑगस्टमध्ये आम्ही दोघं तैवानच्या पूर्व किनाऱ्यावर आठ दिवस राहिलो, ते इलिसिन बघायला. इलिसिन हा आमिस लोकांचा वर्षातला सर्वांत मोठा सण. चिनी नावामुळे सगळे त्याला 'सुगीचा सण' म्हणतात, पण त्यात सुगीइतकेच पूर्वजही असतात. आमिस हा तैवानच्या 16 मान्यताप्राप्त आदिवासी समाजांतला सर्वांत मोठा, 2 लाखांहून जास्त वस्तीचा. 'आमिस' म्हणजे उत्तर. दक्षिणेकडच्या पुयुमा शेजाऱ्यांनी ठेवलेलं हे नाव. उत्तरेच्या ह्वालिएन जिल्ह्यातले आमिस स्वतःला पांगत्साह म्हणवतात.

सणाला ठरलेली तिथी नाही. जुलैत दक्षिणेला ताइतुंगकडे सुरू होतो आणि गावोगाव सरकत ऑगस्टअखेर उत्तरेला ह्वालिएनपर्यंत पोचतो. प्रत्येक गाव आपल्या तारखा स्वतः ठरवतं, आणि जिल्ह्याची एकत्र यादी निघते. ती हातात आल्याशिवाय विमानाचं तिकीट काढू नका. जुलैत ह्वालिएन शहरात एक मोठा एकत्रित महोत्सवही होतो. रोषणाई, मंच, हजारो माणसं. वेळ कमी असेल तर तो बघा, पण माझं मत विचाराल तर तो गणेश फेस्टिव्हलच्या स्टेजसारखा आहे, घरच्या गणपतीसारखा नाही.

आम्ही पहिल्याच संध्याकाळी चूक केली. शेजारच्या एका गावात ढोलाचा नाही, गळ्याचा आवाज येत होता. पन्नासेक पुरुष एका सुरात गात होते. मी सरळ मैदानाकडे चालू लागले. एक काका धावत आले, दोन्ही हात आडवे केले, रागावले मात्र नाहीत. ती पूर्वजांना बोलावण्याची रात्र होती आणि त्या गावात त्या रात्री बायकांनी रिंगणाजवळ जायचं नसतं. शेवटच्या दिवशी पूर्वजांना निरोप द्यायचा असतो, तेव्हा रिंगण बायकांचं. हा नियम गावागणिक बदलतो, म्हणून मुक्कामाच्या घरी आधी विचारा: बाहेरच्यांनी कुठल्या दिवशी यायचं, बायकांनी कुठल्या, आणि फोटो कुठल्या दिवशी चालतात. रिंगण चालू असताना मधून आडवं जायचं नाही. कुणी हात धरून ओढलं तरच नाचात शिरायचं, आणि शिरलात तर मध्येच हात सोडायचा नाही. दोन पावलं पुढं, दोन मागं, गुडघ्यात लचक. सोपं वाटतं, अर्ध्या तासाने पोटऱ्या बोलायला लागतात.

रिकाम्या हाताने जाऊ नका. पाहुणे शीतपेयांची खोकी किंवा लाल पाकिटात पैसे देतात. मांडवात देणगीदारांची नावं फळ्यावर लागतात ना, तसं आमचं नाव लाल कागदावर लिहून लटकवलं. 'इंडिया'च्या पुढे दोन चिनी अक्षरं होती. ती आमची आहेत असं आम्ही धरून चाललो.

सगळ्यात जास्त वेळ मी बघत बसले ती पोरं. तेरा-चौदा वर्षांची, अनवाणी, हातात किटली आणि एकच पेला. रिंगणाच्या आतून धावत प्रत्येकाला पाजायचं, पेला परत घ्यायचा, भरायचा, पुढचा माणूस. यांना पाकारोंगाय म्हणतात, म्हणजे उमेदवारी करणारे. आमिस पुरुष वयाच्या गटांत बांधलेले असतात. बरोबर दाखल झालेली मुलं म्हातारी होईपर्यंत एकाच गटात राहतात, आणि गट पायरी पायरीने वर चढतो: आधी पाणी-सरपण, मग रस्ते-राखण, मग कारभार. वरच्या गटाने सांगितलेलं खालच्याने ऐकायचं, उलट बोलायचं नाही. दक्षिणेला दुलान गावात गटाला त्या काळातल्या घटनेवरून नाव देतात. 2000 सालच्या सुमाराचा गट 'सहस्रक' आहे, आणि एक गट चक्क अंतराळवीराच्या नावाचा. माझ्या शेजारी बसलेल्या आजोबांनी पेला घेतला, तर्जनी मद्यात बुडवली आणि जमिनीकडे दोन थेंब उडवले. आधी पूर्वजांना, मग स्वतःला. आमच्या आजोबांची ताटाभोवतीची चित्रावती आठवली.

मैदानावर पुरुष असले तरी घर बाईचं. आमिस परंपरेत घर आणि जमीन आईकडून लेकीकडे जाते आणि लग्न झाल्यावर नवरा बायकोच्या घरी नांदायला येतो. आता शहरात नोकरीला गेलेल्यांत हे सैल झालंय. तरी आमच्या घरमालकीणबाईंच्या घरात निकाल कुणाचा लागतो हे पहिल्या दहा मिनिटांत कळलं. त्यांना सगळे 'इना' म्हणजे आई म्हणत, आम्हीही म्हणालो. बरं, आईचा भाऊ बहिणीकडे राहत नसला तरी तिथल्या मोठ्या निर्णयांत त्याचा शब्द असतो. मामाचं हे वजन आपल्याला वेगळं समजावून सांगायला नको.

शेवटच्या रात्री तरुण मुलं खांद्यावर भरतकामाची, गोंड्यांची छोटी पिशवी अडकवून नाचतात. तिचं नाव आलुफो. एखादी मुलगी आवडत्या मुलाच्या मागे जाऊन त्या पिशवीत सुपारी टाकते. आपल्याकडे बोलणी झाल्यावर मोठी माणसं सुपारी फोडतात. इथे मुलगीच सुपारीने बोलणी सुरू करते. आता बरंचसं हसण्यावारी चालतं, पण एका पोराची पिशवी फुगलेली होती आणि तो ती जरा पुढेच धरून चालत होता. (सुपारी खायला मिळेल, हिरवी, चुन्यासकट. चक्कर येते. एकच पुरे.)

फाताआनच्या पाणथळीत पालाकाव बघायला सकाळी जा. मासे पकडून न आणता पाळायची ही रीत आहे. पाण्यात तीन मजल्यांचं घर रचतात. तळाला पोकळ बांबू, त्यात वाम आणि मांगूरसारखे तळाचे मासे. मधे फांद्यांचा भारा, त्यात कोळंबी आणि बारीक मासळी. वर बांबूची शिरी, तिच्या आडोशाला मोठे मासे. बारीक मासळी उरलंसुरलं खाते, मोठे मासे बारीकांवर जगतात, त्यांची विष्ठा तळाला जाते. लागेल तेव्हा फांद्या उचलून झटकायच्या. मधल्या मजल्याची फांदी मी हातात घेऊन पाहिली. गुळगुळीत, साल सुटलेली. नंतर शोधलं तर ते झाड निघालं आपल्या तामणाचं चुलत भावंड.

तिथेच दगडांचं सूप करतात. सुपारीच्या झावळीचा रुंद देठ दुमडून द्रोण करायचा, त्यात पाणी, मासा, रानभाजी, आणि निखाऱ्यात लाल केलेले नदीचे गोटे चिमट्याने सोडायचे. पाणी एकदम फुत्कारतं. माझ्यासाठी मासा न घालता केलं. शाकाहाऱ्यांनी घाबरू नये: आमिस रानभाज्यांचे इतके शौकीन की इतर तैवानी त्यांना गवत खाणारे म्हणून चिडवतात. वेताचा कोवळा गाभा कारल्यालाही लाजवेल इतका कडू असतो. वाफवलेला चिकट भात, म्हणजे हाकहाक, हाताने वळून खायचा. कच्चं खारवलेलं डुक्कर, सिराव, नवऱ्याने एक घास खाल्लं आणि विषय बदलला. गावाबाहेर 'सू' हे अक्षर असलेली बौद्ध शाकाहारी दुकानं सापडतात. तिथे बहुधा कांदा-लसूणही नसतो. गंमत म्हणजे ह्वालिएनजवळच्या लिदाव गावात आमिसांच्या ज्या पारंपरिक पुजारणी आहेत, त्यांनाही लसूण, कांद्याची पात आणि कोंबडी वर्ज्य असते.

ताफालोंग फाताआनला खेटूनच आहे. तिथलं काकिताआन हे पुजारी घराण्याचं मूळ घर 1958च्या वादळात पडलं आणि त्याचे कोरीव खांब तैपेईच्या संशोधन संस्थेत गेले. गावाने पुढे घर पुन्हा उभं केलं. खांबांवर महापुरात लाकडी उखळात बसून वाचलेल्या भाऊ-बहिणीपासून सुरू होणारी कथा आहे.

पुराचं म्हणाल तर ती नुसती कथा राहिलेली नाही. आम्ही परतल्यावर वर्षभराने, 23 सप्टेंबर 2025ला, रगासा वादळाच्या पावसात डोंगरातला दरड पडून तयार झालेला तलाव भरून वाहिला आणि फाताआन ज्यात येतं तो ग्वांगफू परिसर गाळाखाली गेला. माणसं दगावली. तैवानभरातून लोक फावडी घेऊन आगगाडीने तिथे आले होते. तेव्हा जाण्याआधी राहण्याची जागा, पाणथळ, रस्ते, सगळं त्या आठवड्यात विचारून घ्या. ऑगस्ट-सप्टेंबर वादळांचेच महिने. वेळापत्रकात एक दिवस मोकळा ठेवा, कारण वादळाचा इशारा आला की गाड्या बंद होतात.

बाकी व्यवहाराचं थोडक्यात. भारतीय पासपोर्टला व्हिसा लागतो. अमेरिका, ब्रिटन, शेंगेन, जपान वगैरेंचा व्हिसा असणाऱ्यांना ऑनलाइन परवान्याची सोय आहे, अटी वाचून घ्या. तैवानचं कार्यालय ऑक्टोबर 2024 पासून मुंबईतही आहे. तैपेई ते ह्वालिएन जलद गाडीने दोन-सव्वादोन तास. आरक्षण 28 दिवस आधी उघडतं आणि सणाच्या शनिवार-रविवारी लगेच संपतं. पुढे ग्वांगफू स्टेशनला साध्या गाडीने जा. गावात रोख पैसे ठेवा. टोपी, छत्री आणि चालून झिजलेले, सहज काढता येणारे बूट. हातात एखाद दिवस जास्त असला तर ताइतुंगला उतरून किनाऱ्याने दुलानला जा. जुन्या साखर कारखान्यात संध्याकाळ छान जाते.

दोन शब्द पाठ करा: नमस्काराला 'ङाआय हो', आभाराला 'आराय'. दुसरा आम्हाला 'अरे'सारखा ऐकू यायचा आणि दर वेळी आम्ही मागे वळून पाहायचो.

सण संपल्याच्या दुसऱ्या दिवशी पाकेलांग असतो. सगळे नदीवर जातात, मासे धरतात, तिथेच शिजवून एकत्र जेवतात, आणि मग नेहमीची कामं सुरू करायला मोकळे. आमची गाडी दुपारची, त्यामुळे नदीवर जाता आलं नाही. निघताना इनांनी मूठभर सुकी तूर कागदात बांधून पुढे केली. बियाणं भारतात न्यायला कागदपत्रं लागतात हे फोनवर भाषांतर करून सांगितलं. त्यांनी पुडी परत घेतली, आत गेल्या आणि कालची उकडलेली तूर डब्यात भरून घेऊन आल्या. ती आम्ही गाडीत चमच्याने संपवली.