कॅन्टीनमधली दिवाळी पहाट

साताऱ्याच्या एमआयडीसीत दिवाळीचा स्नेहमेळावा म्हणजे बोनसचं पाकीट, साहेबांचं भाषण, मिठाईचा बॉक्स. पण काही ठिकाणी दरवर्षी कॅन्टीनमध्येच नरकचतुर्दशीची पहाट उभी राहायची. संध्याकाळी सहाला आत शिरणाऱ्याला पहाटेचे पाच वाजल्यासारखं वाटलं पाहिजे, एवढीच अट.

दाराशी काळ्या कापडाचा दहा-बारा फुटांचा बोळ करायचे, मधे एक वळण. त्यामुळे बाहेरचा उजेड आत येत नाही, डोळे अंधाराला सरावतात आणि साधी पणतीही झगझगीत वाटते. आत ट्यूबलाइट बंद, पिवळे मंद दिवे. आणीबाणीच्या दाराची पाटी मात्र उजळलेलीच. वाड्याचं चित्र छापलेला फ्लेक्स लावला की सगळं फसलं. तो दिव्यात चकाकतो आणि लग्नाच्या स्टेजची कळा येते. त्यापेक्षा बांबूवर गेरूच्या पाण्यात बुडवलेलं बारदान बरं. ते दोन दिवस आधी लावायचं. ओलं राहिलं की कुबट वास येतो आणि नव्या साड्यांना गेरू लागतो.

खरा जीव किल्ल्यात. आठ बाय पाच फुटांचा अजिंक्यतारा, खाली विटा-दगड, वर चिखलात भिजवलेलं बारदान. वर टीव्हीचा मनोरा दाखवायचा की नाही, यावर दरवर्षी दोन तट पडायचे. (नसावा. शाहू महाराजांचा 1708 मधला राज्याभिषेक झालेल्या गडावर मावळे उभे करायचे आणि शेजारी अँटेना?) हळीव थेट किल्ल्यावर पेरलं तर पत्र्याच्या शेडखाली उन्हाविना पिवळट, लांबुळकं उगवतं आणि आडवं पडतं. म्हणून सहा दिवस आधी बाहेर उन्हात पसरट ट्रेमध्ये मातीवर कोरडंच भुरभुरायचं. भिजवलं तर बुळबुळीत होऊन गोळा होतो. पाणीही शिंपडूनच, तांब्याने ओतलं की बी एका कोपऱ्यात वाहून जातं. आदल्या रात्री तो हिरवा थर मातीसकट उचलून उतारावर बसवायचा.

पणत्या रात्रभर पाण्यात बुडवायच्या, नाहीतर कोरडी माती तेल पिते. दोनशे पणत्यांना चार-पाच लिटर तेल लागतं. त्या वाळूच्या ताटांत, बारदानापासून लांब, शेजारी पाण्याच्या बादल्या. पंखे लावले की पणत्या विझतात, बंद ठेवले की माणसं घामेजतात. वर एक्झॉस्ट चालू ठेवणं एवढाच उपाय.

पण पहाट येते ती वासाने. बोळ संपतो तिथे घंगाळात कोमट पाणी आणि वाटीत उटणं. प्रत्येकाने चिमूटभर हातावर चोळायचं. पुढे अंगठ्याने कारीट फोडायचं, तेही पोत्यावर, कारण रसाने फरशी निसरडी होते. फोडणीच्या वासासाठी चिवड्याची शेवटची कढई तिथेच, शेडबाहेर, वाऱ्याच्या बाजूला. माणशी 80 ग्रॅम, म्हणजे दोनशे जणांना 16 किलो. डबे आधी उघडले तर चिवडा सादळतो. आवाज सनईचा, तोही हळू. मोठ्या स्पीकरवर एकदा निवेदकाने माइक हातात घेतला की पहाट संपलीच.

भाषण आवारात, सुरुवातीला. पाकिटं मात्र सगळ्यात शेवटी. ती आधी वाटली की निम्मी माणसं फराळ सोडून एसटी गाठायला पळायची.